सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा तलाठ्याच्या कामाचे काय झाले

महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे आहेत आणि ते तयार करण्याची, अद्ययावत ठेवण्याची व त्यांतील प्रत्येक बदलाची नोंद घेण्याची जबाबदारी गावपातळीवर तलाठ्याची आहे. या अभिलेखांचे संगणकीकरण हा राज्य शासनाने हाती घेतलेल्या सर्वांत मोठ्या डिजिटल बदलांपैकी एक आहे. तो एका दिवसात घडला नाही आणि अजूनही पूर्ण झालेला नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हस्तलिखित सातबारा संगणकात भरला गेला. २००८ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, ज्याचे पुढे २०१६ मध्ये डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम असे नामांतर झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केलेली ई-फेरफार प्रणाली, म्हणजे अभिलेखातील बदलांच्या नोंदी संगणकावर घेण्याची व्यवस्था, तालुक्यामागून तालुक्यात लागू झाली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांसाठी खुला झाला.

या प्रकरणाकडे बहुधा नागरिकाच्या बाजूने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे, कारण ज्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या गाठीभेटी घ्याव्या लागत, तो आता १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. मात्र तोच बदल कर्मचाऱ्याच्या टेबलावरून पाहिला, तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. तलाठ्याची कार्यक्षमता वाढली का, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. काही कामे त्याच्याकडून गेली, काही नव्याने आली, आणि ज्या कामात त्याची सर्वाधिक वर्षे खर्ची पडली ते काम, म्हणजे जुन्या नोंदींची दुरुस्ती, कार्यक्षमतेच्या कोणत्याही हिशेबात धरलेच गेले नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

पूर्वीचे दप्तर

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील नियमांनुसार गावाचा हिशेब एकवीस मुख्य नमुन्यांत ठेवला जातो. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोहोंचा मिळून सातबारा होतो. आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण धारण जमीन असते, तर सहा हा फेरफारांचा नमुना. जमीन विकली, वाटणी झाली, खातेदार मयत झाला, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, तर आधी सहामध्ये फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस दिली जाते, नोटिशीची प्रत चावडीवर लावली जाते, हरकत नसल्यास तलाठ्याचा वरिष्ठ असलेला मंडळ अधिकारी तो फेरफार प्रमाणित करतो आणि त्यानंतर तो अंमल सातबारावर घेतला जातो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणीने निकाली निघते.

कागदाच्या काळात हे सारे तलाठ्याच्या दप्तरात होते आणि दप्तर त्याच्या ताब्यात होते. यात दोन गोष्टी एकत्र गुंतलेल्या होत्या. पहिली, नक्कल देण्याचे काम, जे दिवसाचा मोठा भाग खात असे. पीक कर्ज, विमा, अनुदान, न्यायालय, शिष्यवृत्ती, जामीन, अशा प्रत्येक कारणासाठी उतारा लागे आणि तो हाताने लिहून, शिक्का मारून, सही करून द्यावा लागे. दुसरी, नोंद घेण्याचे काम, जे संख्येने कमी असले तरी जोखमीचे होते, कारण एका चुकीच्या नोंदीतून दोन पिढ्यांचा दावा उभा राहू शकतो. नक्कल देणे हे दिसणारे काम होते आणि गावातले लोक तलाठ्याची पारख त्यावरूनच करत. नोंद बिनचूक ठेवणे हे न दिसणारे काम होते. त्यातील उणीव उघड होईपर्यंत तलाठी बदलून गेलेला असे, काही वेळा निवृत्तही झालेला असे.

संगणकाने पहिले काम तलाठ्याकडून काढून घेतले. ही निर्विवाद सुधारणा आहे. यात केवळ वेळ वाचला असे नाही, तर नक्कल अडवून धरण्याची शक्यताही संपली. बँकेला उतारा हवा असेल तर ती तो स्वतः काढू शकते आणि शेतकऱ्याने साझ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या, ठिकाणी हेलपाटे घालण्याची गरज उरत नाही. २०१७ ची कर्जमाफी आणि २०१९ मध्ये सुरू झालेली वर्षाला ६,००० रुपयांची पीएम-किसान योजना, या दोन्ही वेळी लाखो खातेदारांची माहिती अभिलेखांशी ताडून पाहावी लागली. तो भार हाताने लिहिलेल्या नकलांवर पेलणे किती अवघड झाले असते, याची कल्पना महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही करता येईल.

संगणकाला न चालणारी चूक

अडचण दुसऱ्या कामात आली. संगणकात जो सातबारा भरला गेला, तो हस्तलिखितावरून टंकित झालेला होता. हस्तलिखितात असलेल्या चुका त्यात आल्या आणि टंकलेखनाच्या नव्या चुकांची भर पडली. पुढे बरीच वर्षे हस्तलिखित आणि संगणकीकृत असे दोन्ही सातबारा शेजारी शेजारी चालू राहिले. एखादा फेरफार हस्तलिखितावर घेतला गेला, पण संगणकात भरायचा राहिला, तर दोन उताऱ्यांत दोन मालक दिसत. दोन्ही अभिलेख जिवंत ठेवण्याचा हा काळ कार्यक्षमतेच्या दृष्टीने सर्वांत घातक होता. एकाच नोंदीसाठी दोनदा श्रम करावे लागत होते आणि त्या दुप्पट श्रमातून अचूकता वाढण्याऐवजी घटत होती.

चुकांचे स्वरूप समजून घेण्यासाठी क्षेत्राचे एक उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका गटाचे मूळ क्षेत्र ६ एकर आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि मेट्रिक मापात ४०.४७ आर, म्हणून ६ एकरांचे २ हेक्टर ४३ आर होतात. तीन भावांत सारखी वाटणी झाली आणि प्रत्येकाला २ एकर, म्हणजे ८० गुंठे मिळाले. आता रूपांतर करताना कोणी गुंठा आणि आर एकच समजून प्रत्येकाच्या नावापुढे ८० आर लिहिले, तर तिघांची बेरीज २ हेक्टर ४० आर होते आणि ३ आर जमीन कागदावर कोणाचीच राहत नाही. हस्तलिखित उताऱ्यावर ही तफावत पन्नास वर्षे कोणाच्याही लक्षात न येता राहू शकत होती, कारण प्रत्येक वेळी बेरीज करून पाहण्याची सक्ती कोणावर नव्हती. वहिवाट बांधाने ठरलेली होती आणि भावाभावांत वाद नव्हता.

संगणकप्रणालीला मात्र बेरीज जुळावीच लागते. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नसेल, तर तो सातबारा विसंगतीच्या अहवालात येतो आणि त्यावर पुढचा फेरफार घेता येत नाही. अशा विसंगतींचे प्रकार अनेक होते. जुन्या उताऱ्यांवर हिस्सा आणे-पैमध्ये लिहिलेला असे, तिसरा हिस्सा म्हणजे ५ आणे ४ पै, आणि त्याचे क्षेत्रात रूपांतर कोणी केलेलेच नसे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमाखाली गटयोजना, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण, झालेल्या गावांत जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट क्रमांक यांचा मेळ लागत नसे. पोटखराब्याचे, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र लागवडीयोग्य क्षेत्रात मिसळलेले असे. एकाच व्यक्तीची तीन वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या नावांची तीन खाती असत. कमी झालेला बोजा उताऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात तसाच दिसत राही. भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन यांची अदलाबदल झालेली असे, आणि ही चूक सर्वांत गंभीर, कारण वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

यातील प्रत्येक विसंगती दूर करण्यासाठी तलाठ्याला मूळ फेरफारापर्यंत मागे जावे लागले. मूळ फेरफार काही वेळा जीर्ण झालेला, काही ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात, आणि फार जुना असेल तर मोडी लिपीत. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटणीचा फेरफार शोधणे, तो वाचणे, त्यानंतरचे सर्व फेरफार क्रमाने लावून पाहणे आणि आजच्या उताऱ्यावर नेमकी कोणत्या टप्प्यात चूक शिरली हे ठरवणे, हे काम एका गटासाठी एक तास घेऊ शकते किंवा आठ दिवस. हे श्रम संशोधकाचे आहेत. माहिती भरण्याच्या प्रशिक्षणाने त्यांची तयारी होत नाही.

दुरुस्तीची वर्षे

शासनाने या कामासाठी प्रणालीत एडिट आणि नंतर री-एडिट हे विभाग उपलब्ध करून दिले. तलाठ्याने गावातील प्रत्येक संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी ताडायचा, चूक दुरुस्त करायची आणि गाव पूर्ण झाल्यावर अभिलेख जुळल्याचे घोषणापत्र द्यायचे, अशी रीत होती. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावात जाहीरपणे सातबारा वाचून दाखवायचा आणि खातेदारांनी आक्षेप नोंदवायचे, ही कल्पना मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण अभिलेखातील चूक ओळखण्याचे सर्वांत खात्रीचे साधन खातेदाराची स्मृती हे आहे आणि त्या मोहिमेने ती स्मृती कामाला लावली. री-एडिटनंतरही ज्या चुका राहिल्या, त्यांच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्ती करण्याचा मार्ग ठेवण्यात आला. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी असलेले हे कलम हक्क बदलण्यासाठी वापरले जाऊ नये, ही दक्षता तेथे अत्यावश्यक ठरते.

ही दुरुस्ती चालू असताना तलाठ्याचे नेहमीचे काम थांबलेले नव्हते. महसूल वसुली, निवडणुकीची कामे, गौण खनिजाच्या चोरीला आळा, दाखल्यांचे अहवाल, शासकीय जमिनीवरील अतिक्रमणांची पाहणी, आणि गारपीट, अतिवृष्टी किंवा पूर आला की पंचनामे. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि कोकणात पूर आला तेव्हा पंचनाम्यांसाठी महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तिन्ही खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी बांधावर होते. त्या आठवड्यांत फेरफारांचे काम मागे पडले तर त्याला अकार्यक्षमता म्हणता येत नाही. परंतु प्रलंबित फेरफारांचा अहवाल दाखवणाऱ्या पडद्यावर पुराची नोंद नसते.

येथे उत्पादकतेच्या मोजमापातील पहिला मोठा दोष दिसतो. एका साझ्यात शंभर फेरफार निर्गत झाले आणि दुसऱ्यात चाळीस, एवढे पाहून पहिला तलाठी अधिक कार्यक्षम ठरतो. दुसऱ्याने त्याच काळात शेकडो सातबारांचे क्षेत्र जुळवले असेल, पुढच्या वीस वर्षांचे वाद टाळले असतील, तरी ते त्याच्या खात्यावर दिसत नाही. विसंगती किती उरल्या हा आकडा प्रणालीत असतो, पण त्यातली कोणती विसंगती एका क्लिकने सुटणारी होती आणि कोणत्या विसंगतीसाठी तीन पिढ्यांचे फेरफार चाळावे लागले, हा भेद त्या आकड्यात उतरत नाही. परिणामी घाईने दुरुस्ती करून अहवाल शून्यावर आणणारा आणि काळजीपूर्वक शोध घेणारा, या दोघांत पहिल्याची प्रशंसा होण्याचा धोका निर्माण होतो. ज्या अभिलेखावर लोकांची उपजीविका उभी आहे, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करण्याजोगा नाही.

साधने, जोडणी आणि टोकन

डिजिटल बदलातील कार्यक्षमतेविषयी बोलताना प्रशिक्षण आणि मानसिकता यांवर फार भर दिला जातो. या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या तक्रारी त्याहून साध्या होत्या. प्रणाली केंद्रीय सर्व्हरवर चालत असल्यामुळे साझ्याच्या गावी नेटवर्क नसेल तर तलाठ्याला काम थांबवावे लागे किंवा तालुक्याच्या गावी यावे लागे. डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांत हे रोजचे होते. कार्यालयीन वेळेत एकाच वेळी राज्यभरातून जोडणी झाली की सर्व्हर मंद होई आणि त्यामुळे अनेक तलाठी पहाटे किंवा रात्री उशिरा बसून काम उरकत. कामाची वेळ सर्व्हरच्या सोयीने ठरू लागली, तर कर्मचाऱ्याचा दिवस प्रत्यक्षात लांबतो, परंतु हजेरीपत्रकावर तो तेवढाच राहतो. लॅपटॉप, प्रिंटर, जोडणीचा खर्च, सर्व्हरची गती आणि साझ्यांची पुनर्रचना या मागण्यांसाठी २०१६ मध्ये तलाठ्यांनी आंदोलन केले. पुढील वर्षी राज्य मंत्रिमंडळाने ३,१६५ नवे तलाठी साझे आणि ५२८ नवी महसुली मंडळे निर्माण करण्यास मान्यता दिली. एका तलाठ्याकडे तीन-चार गावे आणि त्यातच रिक्त साझ्याचा अतिरिक्त कार्यभार अशी स्थिती असताना हा निर्णय आवश्यकच होता, मात्र मंजूर पदे आणि भरलेली पदे यांत अंतर राहिले. २०२३ मध्ये ४,६४४ पदांची भरती निघाली तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले, यावरून या पदाची ग्रामीण तरुणांतील ओढ जशी दिसते, तशी भरती किती काळ रेंगाळली होती हेही दिसते.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे सही करण्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, या साऱ्या व्यवस्थेत केंद्रस्थानी आले. कागदावरची सही तलाठी मागे घेऊ शकत नव्हता, पण टोकन तो परत करू शकत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेक जिल्ह्यांतील तलाठ्यांनी आपली टोकने तहसील कार्यालयांत जमा करून ऑनलाइन कामावर बहिष्कार घातला. तात्कालिक कारण एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संदेशावरून उद्भवलेल्या वादाचे होते. त्या वादाच्या तपशिलात जाण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की, संपूर्ण राज्याचे अभिलेख एका प्रणालीवर आल्यानंतर सूचना, आढावा, प्रशंसा आणि कानउघाडणी हे सारे तालुका व जिल्हा ओलांडून मोबाइलवरील गटांतून थेट गावपातळीच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचू लागले होते. पूर्वी तलाठ्याचा वरिष्ठ मंडळ अधिकारी आणि तहसीलदार होता, जो त्या गावांची परिस्थिती जाणत होता. आता त्याच्या कामाकडे राज्यस्तरावरून, केवळ आकड्यांच्या आधारे पाहिले जाऊ लागले. या दोन नजरांतील अंतराची दखल घेतल्याशिवाय त्या बहिष्काराची तीव्रता समजत नाही.

प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन

महाराष्ट्राच्या प्रशासनाला कार्यालयीन कार्यक्षमतेचा विचार नवा नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी राबवलेली पद्धत लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखली गेली, आणि पुणे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली. कार्यालयांतील सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा असतो आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा. कर्मचाऱ्याने ज्यावर काही करायचे बाकी आहे ते प्रलंबित. दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे किंवा मुदत पूर्ण व्हायची आहे ते प्रतीक्षाधीन. कागदाच्या काळातील हा भेद अतिशय नेमका होता.

फेरफारासाठी तो विशेष महत्त्वाचा आहे. नोटीस बजावल्यानंतर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि ती मुदत कर्मचाऱ्याने वाचवायची वस्तू नाही. ज्याची जमीन दुसऱ्याच्या नावे होत आहे, ज्या बहिणीचे नाव वारसातून वगळले गेले आहे, ज्या कुळाचा हक्क धोक्यात आहे, त्याला आवाज उठवण्यासाठी कायद्याने दिलेला तो अवधी आहे. ई-फेरफार प्रणाली नोटिशीची मुदत पूर्ण होण्याआधी प्रमाणीकरण होऊ देत नाही, हे या प्रणालीचे मोठे बलस्थान मानले पाहिजे, कारण कागदावर जुनी तारीख घालून मुदत पूर्ण झाल्याचे दाखवणे शक्य होते आणि संगणकात ते शक्य नाही. त्यामुळे एखादा फेरफार पंचवीस दिवसांत निर्गत झाला, तर त्यातील पंधरा दिवस कायद्याचे, काही दिवस नोटीस प्रत्यक्ष पोहोचण्याचे, काही मंडळ अधिकाऱ्याचे आणि उरलेले तलाठ्याचे. प्रणालीत प्रत्येक टप्प्याची तारीख नोंदलेली असते, म्हणजे हा हिशेब वेगळा काढता येतो. आढावा बैठकीत मात्र जेव्हा एकूण प्रलंबित फेरफार हा एकच आकडा विचारला जातो, तेव्हा प्रतीक्षाधीन प्रकरणेही प्रलंबितात मोडतात आणि ज्यावर काही करणे शक्यच नाही त्याचा जाब कर्मचाऱ्याला द्यावा लागतो.

एक बदल या दृष्टीने फार उपयोगी ठरला आहे. २०२० मध्ये सातबाराचा नमुना सुधारण्यात आला तेव्हा त्या गटावरील प्रलंबित फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावरच दिसू लागला. जमीन घेणाऱ्याला त्यामुळे आधीच सावध होता येते आणि तलाठ्याचे प्रलंबित काम कोणत्याही आढाव्याविना थेट संबंधितांच्या नजरेस पडते. मयत खातेदारांची किंवा कमी झालेली नावे आडव्या रेषेने खोडून दाखवणे, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक देणे, हे बदलही उतारा वाचणाऱ्याच्या सोयीचे आहेत.

काम कोणाकडे सरकले

कर्नाटकातील भूमी प्रकल्पाशी तुलना केली तर महाराष्ट्राच्या मार्गाचे वैशिष्ट्य लक्षात येते. तेथे २००१ च्या सुमारास सुमारे दोन कोटी अभिलेख संगणकावर आणून हस्तलिखित उतारे रद्द करण्यात आले, तालुक्याच्या ठिकाणच्या केंद्रातून १५ रुपयांत उतारा मिळू लागला आणि आलेल्या क्रमानेच फेरफार निकाली काढण्याची सक्ती प्रणालीने केली. गावपातळीवरील सुमारे ९,००० कर्मचाऱ्यांच्या हातातील अभिलेख एका फटक्यात तालुक्याला गेले. महाराष्ट्राने अभिलेख तलाठ्याच्या हातून काढून घेतला नाही. त्याच्याच हाती लॅपटॉप आणि टोकन दिले. हा मार्ग संथ होता, पण गावाची जमीन ओळखणारा माणूस दुरुस्तीच्या कामात राहिला, हा त्याचा लाभ मी कमी लेखणार नाही.

तरीही काम सरकलेच. दस्त नोंदणीची आय-सरिता प्रणाली ई-फेरफारशी जोडली गेल्यामुळे खरेदीखत नोंदले गेले की फेरफाराची माहिती आपोआप तलाठ्याकडे येते. पूर्वी दुय्यम निबंधकाकडून सूचनापत्र येईपर्यंत, किंवा खरेदीदार स्वतः दस्ताची प्रत घेऊन येईपर्यंत नोंद सुरूच होत नसे. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंद, बोजा चढवणे वा कमी करणे, मयताचे नाव कमी करणे यांसारखे अर्ज नागरिक आणि बँका स्वतः भरू शकतात. माहिती भरण्याचे श्रम अशा रीतीने दुय्यम निबंधक कार्यालयाकडे, बँकेकडे आणि अर्जदाराकडे गेले. तलाठ्याकडे उरले ते पडताळणीचे काम.

ई-पीक पाहणीत हे सरकणे सर्वांत ठळक आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या या उपक्रमात गाव नमुना बारावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून मोबाइलवरून, छायाचित्रासह करायची असे ठरले. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित झालेले हे ॲप कल्पना म्हणून उत्तम होते. कार्यालयात बसून गेल्या हंगामाचीच पिके पुन्हा लिहिण्याची जुनी सवय त्याने मोडली आणि बांधावर प्रत्यक्ष काय उभे आहे ते उताऱ्यावर येऊ लागले. परंतु ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही, ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही, जो वृद्ध आहे, तो शेतकरी मागे राहतो. नोंद राहिली तर पीक विमा, हमीभावाची खरेदी आणि अनुदान अडते. मग तो येतो तलाठ्याकडेच. पुढच्या आवृत्तीत शेतकऱ्यांच्या नोंदी स्वयंप्रमाणित मानून त्यांतील दहा टक्क्यांची तपासणी तलाठ्याने करावी अशी व्यवस्था झाली आणि नंतर डिजिटल क्रॉप सर्व्हेमध्ये गावोगावी सहायक नेमले गेले. या सहायकांची नेमणूक हीच कबुली आहे की शेतकऱ्याने स्वतः नोंद करण्यावर संपूर्ण भार टाकता येत नाही आणि तलाठ्याच्या उरलेल्या वेळातही ते काम मावत नाही.

मोजायचे असेल तर

तलाठ्याच्या कामाचे मोजमाप होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. गावातील माणसाला त्याची नोंद का अडली हे विचारण्याचा अधिकार आहे आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने तो अधिकार अधिक ठाम केला आहे. प्रश्न काय मोजायचे हा आहे. फेरफाराच्या बाबतीत कर्मचाऱ्याच्या हाती असलेले दिवस आणि कायद्याने घातलेले दिवस स्वतंत्र दाखवले पाहिजेत. निर्गत फेरफारांपैकी किती नंतर अपिलात किंवा कलम १५५ खाली बदलावे लागले, हे पाहिले पाहिजे, कारण चुकीची घेतलेली झटपट नोंद ही पूर्ण झालेले काम नसून पुढच्या अधिकाऱ्यासाठी ठेवलेले काम असते. दुरुस्त केलेल्या सातबारांची गणना काठिण्याप्रमाणे व्हावी, म्हणजे नावातील काना-मात्रा आणि तीन पिढ्यांच्या क्षेत्राचा मेळ एकाच तराजूत येणार नाहीत. पूर, निवडणूक, सर्वेक्षण अशा कामांत गेलेले दिवस त्या महिन्याच्या आकड्याशेजारी लिहिले जावेत. सर्व्हर किती तास बंद होता, ही नोंद प्रणाली स्वतःच ठेवू शकते. ती कर्मचाऱ्याच्या अहवालासोबत जोडली तर अर्धे गैरसमज बैठकीआधीच मिटतील.

२०२४ मध्ये शासनाने तलाठी हे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे केले. गावातले लोक अर्थातच अजूनही तलाठी किंवा भाऊसाहेब म्हणतात. नव्या भरतीतून आलेले तरुण अधिकारी संगणकावर सहज वावरतात, त्यामुळे प्रशिक्षणाचा जुना प्रश्न बराचसा मागे पडेल. मात्र जुना फेरफार वाचण्याची, आणे-पैमधला हिस्सा समजण्याची, गटयोजनेचा तक्ता लावण्याची जाण ज्या पिढीकडे होती ती निवृत्त होत आहे, आणि ही जाण प्रणालीच्या कोणत्याही पडद्यावर साठवलेली नाही. सातबारावरील क्षेत्र आता बहुतांशी स्वतःशी जुळते. ते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशाशी आणि बांधावरच्या प्रत्यक्ष वहिवाटीशी जुळवणे बाकी आहे. अनेक गटांचे पोटहिस्से सातबारावर वेगळे झालेले असले, तरी नकाशावर ते अजून फोडलेले नाहीत. त्या कामात जमीन मोजणारा भूकरमापक आणि ग्राम महसूल अधिकारी या दोन खात्यांच्या कर्मचाऱ्यांना एकाच शेतात, एकाच वेळी उभे राहावे लागणार आहे. त्याच्या नियोजनात प्रत्येक गटासाठी लागणारा वेळ आधी मोजला जावा आणि उद्दिष्ट त्यानंतर ठरवले जावे.